ॲव्हरेज देणारं घर

बाबांच्या आयुष्यातल्या शेवटच्या रविवारी आम्ही जाम गावच्या चौफुलीवर जुन्या गाड्यांत झोपून बघत होतो. आम्ही म्हणजे ते. मी उशी धरायला होते.

बोरगाव मेघेत चाळीस वर्षं किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसल्यानंतर माणसाने देवदर्शनाला जावं, अशी रीत. बाबांनी दुकान विकलं आणि यापुढे गाडीतच राहायचं ठरवलं. बारा महिने. अट एकच, गाडी कमी इंधन खाणारी हवी. आनंदराव काकांनी लगेच निकाल दिला, "लोक म्हणतीन, पोरीनं बापाले घराबाहेर काढलं." लोक काय म्हणतील हे काकांना लोकांच्याही आधी कळतं.

"ॲव्हरेजच बघायचं तर आपलं घर काय वाईट आहे?" मी गाडीच्या दारातून विचारलं. "इतक्या वर्षांत एक थेंब लागला नाही त्याला."

"अन् पोचलं कुठी?" बाबा आतून म्हणाले.

ती व्हॅन सीएनजीवरची होती. धर्मेंद्र, म्हणजे गाड्या विकणारा, तिचं ॲव्हरेज सांगू लागला तेव्हा बाबा चपला काढून, देवळात शिरावं तसे आत शिरले होते. पण मागची अर्धी जागा गॅसच्या टाकीने घेतली होती. उरलेल्या पट्टीत ते सतरंजीवर आडवे झाले.

"छान," मी म्हणाले. "तुम्ही आणि टाकी. सुखाचा संसार होईल."

"एकट्या माणसाले काफी आहे, काकाजी," धर्मेंद्र म्हणाला.

"एकट्याले," बाबा म्हणाले आणि उठून बसले.

त्यांनी पसंत केली ती पलीकडची, पेट्रोलवरची. टाकी नाही, ॲव्हरेजही नाही.

"महिनाभर ॲव्हरेज, ॲव्हरेज करून शेवटी ही?"

"दोन बाक बसते हिच्यात."

"दुसरा कोणासाठी?"

बाबांनी सतरंजीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "सामान असते ना माणसाचं."

"नशीबवान सामान," मी म्हणाले.

ते काय विचारताहेत हे मला कळत होतं. पण मी कॉलेजच्या ग्रंथालयात असते, जगभरचे प्रवास खुर्चीतून करते, आणि सरळ न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणं मला असभ्यपणाचं वाटतं. माझं नाव चंचल. तेही बाबांनीच ठेवलेलं.

सोमवारी सकाळी चहा ठेवताना ते ओट्याशी कोसळले. त्रास झाला नसेल, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांनाही काहीतरी म्हणावं लागतं.

तेरवीला काका बुंदी वाढून घेत म्हणाले, "घरातच गेले ते बरं झालं. रस्त्यात, गाडीत गेले असते तर केवढी पंचाईत!" बाबांचं मरण योग्य जागी पार्क झाल्याचं समाधान सगळ्या पंगतीत होतं.

नंतर धर्मेंद्रचा फोन आला. "ताई, गाडी तयार आहे. काकाजी फोन नाई उचलून राह्यले."

त्याला फोनवर सांगणं जमेना. गाडी नको, हे सांगायला मी जामला गेले. बाबांचं ऐकून त्याने गाडीचं मागचं दार उघडलं. म्हणाला, "एकदा पाहून घ्या, ताई. मंग नाई म्हणजा."

आत दोन बाक होते. एक लांब. दुसरा चांगला हातभर आखूड, त्याच्या उशाशी छोटा दिवा.

"हा असा का?"

"तुमी उशी ठेवाले गेल्या, तवा काकाजीनंच माप देल्लं. आपल्या खांद्याले हात लावून सांगे, इथवर येते. अन् लाइट चांगला पायजे, रातभर वाचत राह्यते म्हणे." धर्मेंद्र ओशाळून हसला. "म्या इचारलं बी, काकाजी, सामान काऊन वाचीन?"

मी चपला काढल्या. आत गेले, त्या बाकावर आडवी झाले. पाय जिथे संपले तिथेच बाक संपत होता. पलीकडच्या लांब बाकावर अजून प्लॅस्टिकचा कागद होता.

"काही म्हटलं का, ताई?" बाहेरून धर्मेंद्रने विचारलं.

तोवर मी काहीच म्हटलं नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "मला यायचं होतं तुमच्यासोबत."