घोडी बसली

घोडी आणल्यापासून गेनबाच्या डोळ्याला डोळा नव्हता. कारण काय, तर घोडी बसतच नव्हती.

बाणेरच्या या माणसानं जन्मभर बैलं सांभाळलेली. रान कंपनीत गेलं, तिथं काचेची बिल्डिंग उभी राह्यली, बैलं विकली, पण रिकामा गोठा काही त्याला बघवेना. भावकीतल्या पोरांनी गाड्या घेतल्या, यानं बाजारातनं घोडी आणली. तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा टिळा. नाव ठेवलं चंद्री. आता बैलाचं कसं, पोटभर खाल्लं की बूड टेकतो, डोळे मिटून रवंथ करत बसतो. धन्याला कळतं, जनावर सुखात हाय. ही बया सदा उभी. एक मागचा पाय सैल सोडायची, मान खाली घालायची, झालं. कान तेवढे एक इकडं, एक तिकडं.

"पाय दुखत नसतील का गं हिचे?" तो बायकोला, सोजरबाईला विचारायचा.

"माझे दुखत्यात, ते कधी विचारलं नाय."

शेवटी गेनबानं बैलाचाच इलाज काढला. दमलेल्या बैलाला सरकीची पेंड भिजवून घालतात, तशी एका संध्याकाळी घमेलंभर घोडीपुढं ठेवली. चंद्रीनं चाटूनपुसून खाल्ली.

सकाळी बघतो तर घोडी खाली बसलेली. गेनबाचा जीव असा भांड्यात पडला, की चहाची कपबशी घेऊन गोठ्याच्या दारातच टेकला.

"बघ, बसली. पेंड लागू पडली."

सोजरबाई झाडू घेऊन आत गेली आणि थबकली. "अवो, बसली कुठं? लोळतीया ती. अंग बघा, न्हायल्यागत भिजलंय."

गेनबानं हात लावला, तर तळवा घामानं ओला. बैल असा कधी निथळत नाय. घोडी धडपडत उठली, पुढच्या खुरानं जमीन उकरली, मान वळवून स्वतःच्याच पोटाकडं बघितलं आणि परत आडवी व्हायला लागली. कपबशी कुठं गेली, गेनबाला कळलं नाही.

जनावरांच्या डॉक्टर नीरजाबाई स्कूटरवरनं आल्या. पोटाला नळी लावून ऐकलं.

"लीद कधी टाकली हिनं?"

गेनबानं ते बघितलंच नव्हतं. पेंडीचं मात्र सांगितलं.

"घोडा रवंथ करत नाही, काका. पोट एकच, तेही अंगाच्या मानानं लहान. आणि त्याला उलटी होत नाही. आत गेलेलं पुढंच सरकायला लागतं. अडकलं की जिवावर येतं."

"पण ती बसतच नव्हती हो."

"घोडे उभ्यानं झोपतात. पायाचे सांधे अडकवून ठेवतात, म्हणून पडत नाहीत. आडवे होतात ते थोडाच वेळ."

"कुणी सांगितलं नाय."

"आपण विचारलंत कुणाला?"

बाईंनी इंजेक्शन दिलं, नाकातनं नळी घालून तेल सोडलं. "आता हळूहळू चालवा. लोळू द्यायची नाही. आतडं पिळलं तर माझ्या हातात काही नाही. लीद पडली तर सुटली म्हणायची. पडली की फोन करा."

निघाली वरात. पुढं दोर धरून गेनबा, बाजूला सोजरबाई. कंपनीच्या भिंतीकडेनं जायचं, वळायचं, परत यायचं. घोडी थांबली की गेनबा तिच्या गुडघ्याकडं बघायचा. गुडघा वाकवला की तो दोर ओढायचा, "चल माझे आई, चल." सोजरबाई मागं राह्यली, तर तिच्यावरच खेकसला, "मागनं येऊ नको. डॉक्टरीणबाई सांगून गेल्यात, तिला अगदी मागचं दिसत नाय, बिचकून लाथ घालंल."

"माझ्या सासऱ्यावर गेलीया," सोजरबाई म्हणाली आणि घोडीच्या मानेशी येऊन चालायला लागली. पदरानं तिचा घाम टिपत होती.

ऊन चढलं. कंपनीची पोरं गळ्यात पट्टे घालून आत निघाली. गेटवरचा वॉचमन रंगनाथ, लातूरकडचा, पुढं आला.

"काका, इथं जनावर आणायचं नाही. साहेब लोक येतात."

"येऊ दे. तू बाजूला हो."

तेवढ्यात चंद्री उभी राह्यली. गेनबानं दोर ओढला, हलेना. घोडीनं शेपूट वर केली आणि कंपनीच्या चकचकीत फरशीवर लिदीचे गोळे पडले. थोडेच, पण पडले.

"आता हे कोण उचलणार?" रंगनाथ म्हणाला.

गेनबा खाली बसला. एक गोळा हातात घेऊन दाबून बघितला. गरम होता.

"आम्हीच उचलू," सोजरबाई म्हणाली. "पण आधी तुझ्या फोनवरनं डॉक्टरीणबाईंना कळव, बाबा."

तिनं पदराला बांधलेली चिठ्ठी दिली, रंगनाथनं नंबर लावून दिला. पलीकडनं बाईंचा आवाज आला, "छान. अजून एकदा पडेपर्यंत चालवत राहा."

गेनबानं धोतराला हात पुसले आणि दोर धरला.