वहिनीचा आजार

आमच्या वहिनीला ओसीडी, म्हणजे मन एकाच गोष्टीत अडकून राहण्याचा आजार, आहे. डॉक्टरने नाही, मोबाईलवरच्या व्हिडिओने सांगितलं. कपांचे कान एकाच बाजूला हवेत, एवढाच काय तो आजार. पण पाहुणे आले की चहाच्या आधी बाईसाहेब तोच पुढे करतात.

काल आम्ही तिघं बाहेर निघालो. गाडीत बसल्यावर दादा गॅस बंद आहे का ते बघायला वर गेला. खाली आला, पुन्हा गेला. मग पुन्हा. शेवटी घामाघूम होऊन म्हणाला, "बंदच आहे गं, पण मन ऐकतच नाही."

मी म्हटलं, "वहिनी, याला डॉक्टरकडे न्यायला हवं."

आरशात केस सारखे करत ती फणकारली, "त्याला कशाला? ओसीडी मला आहे! त्याची नुसती नाटकं."