पहिल्या टाकीचं विरजण

"घे, हुंग. काय येतंय सांग."

बाबांनी काचेचा पेला माझ्या नाकाशी धरला. माझी लेक ठमी कडेवर होती. तिने आधी पेल्यातच हात घातला.

"अहो मालकीणबाई, तुमचा नंबर यायला वेळ आहे," बाबा तिला म्हणाले.

बाबा म्हणजे माझे सासरे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन टाक्या, त्यांत ते तांबूस एल, म्हणजे एका प्रकारची बिअर, बनवायचे. टाकीचं झाकण उचललं की आधी वाकून डोळे मिटायचे आणि मगच कुणाशी बोलायचे. थंडीत ते तापाने आडवे झाले. उठले तेव्हापासून रोज सकाळी मला वास घ्यायला लावतात. "शिकून घे. तुझा नवरा व्हॅनच्या चाकामागेच बरा. नाक आहे ते तुला." मला बरं वाटायचं. बाळंतपणानंतर माझं काही चांगलं आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं.

"दवाखान्यासारखा येतोय," मी म्हणाले. "जखमेची पट्टी सोडवताना येतो ना, तसा."

"तुला भिंतींनासुद्धा दवाखान्याचाच वास येणार. बाळंतीण तू!"

"खरंच, बाबा."

त्यांनी पेला स्वतःच्या नाकाशी नेला. एक घोट घेऊन जिभेवर घोळवला. "आंबट नाही. कडूही हवी तेवढीच आहे. चांगली आहे की!"

बाहेर हा, माझा नवरा, व्हॅनमध्ये पिंपं चढवत होता. एवढा एकच बारवाला आता आमची एल घ्यायचा, आणि मागच्या खेपेची पिंपं त्यानेही परत पाठवली होती. हीसुद्धा तशीच निघाली तर पुन्हा येऊ नका, असा निरोप होता.

"जरा थांब रे, निघू नकोस," असं ह्याला सांगून मी परत वळले, तर दारातच करपल्याचा भपकारा. ठमीचं दूध! शेडच्या कोपऱ्यात शेगडीवर ठेवून विसरले होते. आणि बाबा शेगडीला पाठ करून हातभर अंतरावर उभे, पेला अजून नाकाशी.

मी पातेलं खाली उतरवलं. त्यांनी वळून काळ्या तळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कधीपासून, बाबा?"

"तापापासून." ते ठमीच्या पायातला मोजा वर ओढत राहिले. "येईल परत म्हणाले डॉक्टर. त्याला बोलू नकोस. हात जोडतो तुला."

पण व्हॅन दारात उभी होती.

"विरजण कुठल्या टाकीतलं घातलंत?"

यीस्टला आमच्या घरात विरजणच म्हणतात. एका टाकीवर आलेला फेस पळीने काढायचा, पुढच्या टाकीत घालायचा. सासूबाईंनी सुरू केलेलं ते. त्या गेल्या, पण ते चालू राहिलं. नियम एकच, हुंगल्याशिवाय पुढे घालायचं नाही.

"पहिलीतलं दुसरीत. दुसरीतलं तिसरीत." त्यांनी फ्रिजकडे बोट केलं. "डब्यात राखून ठेवलंय तेही तेच, पोरी."

मी एकेक झाकण उचललं. मग डबा उघडला. सगळीकडे तोच पट्टीचा वास.

"मागे तू लवंगेसारखा वास येतो म्हणालीस ना," बाबा म्हणाले, "तेव्हाच कळायला हवं होतं. लवंग कुठली आपल्या एलमध्ये! म्हटलं, नवीन नाक आहे, चुकतंय."

त्यांनी दारातून हाक मारली. "पिंपं उतरव."

"आता? तो वाट बघतोय, बाबा!"

"बघू दे. विरजण नासलंय." आणि मग, जणू चावी हरवल्याचं सांगावं तसं, "माझं नाक गेलंय. हिला विचार."

ह्याने पहिलं पिंप उतरवून खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

टाक्यांच्या तोट्या बाबांनीच सोडल्या. तांबूस फेस फरशीवरून मोरीकडे धावला, आमच्या चपला भिजल्या. "पाकिटातलं यीस्ट आणतो," हा म्हणाला. "नव्याने सुरू करू."

"आण," बाबा म्हणाले. "एल होईल. आईची नाही होणार."

डबाही त्यांनीच रिकामा केला, कढत पाण्याने घासला, पुसला आणि त्याच्या जागी पालथा ठेवला. मग ओले हात सदऱ्याला पुसून ठमीला माझ्याकडून घेतलं आणि तिच्या टाळूवर नाक टेकवलं. रोज टेकवायचे. मला ते नेहमी लाडाचंच वाटलं. आत्ता उलगडलं, की ताप आला तेव्हा ठमी जन्मलीसुद्धा नव्हती.

"काय येतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी वाकले. टाळूच्या दुसऱ्या बाजूला नाक लावलं.

"दूध. थोडा घाम. उन्हात वाळलेलं दुपटं."

त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"अजून?"