झंडी पाडण्याचा हुकूम

रस्त्यात गाड्या अडवणाऱ्या पोलिसाला गाडीचा धोका असतो, हे खरंच आहे. पण त्याच्या रक्षणासाठी निघालेल्या हुकुमापुढे गाडी फार गरीब.

निजामी राजवटीतली गोष्ट. वसमतहून कुरुंद्याला जाणाऱ्या रस्त्यावर चाँद पाशा हा जवान नाक्याला होता. बैलगाडीला नंबराचा पत्रा ठोकलाय की नाही, एवढंच बघायचं काम. सात वर्षं तो लिंबाखाली उभा राहून गाडीवानाला रामराम घालायचा, घरच्यांची चौकशी करायचा. गाडीवान तंबाखू मळायला आपसूक थांबायचा. सात वर्षांत पाशाला साधं खरचटलं नव्हतं. मात्र नोकरी अजून हंगामीच होती, आणि यंदा जे कायम होणार नाहीत त्यांना घरी बसवणार अशी बातमी होती. त्याची बायको हलीमा रोज सकाळी त्याचा पट्टा घासून चकचकीत करायची. पट्टा चमकला की साहेबाची नजर पडते, असं तिचं मत.

त्यातच कुठल्याशा नाक्यावर एका जवानाने पळत्या बैलाची वेसण धरली आणि चार दात गमावले. वरच्या कचेरीला दातांचा कळवळा आला आणि हुकूम सुटला. जवानाने रस्त्याच्या मधोमध उभं राहावं, लाल झंडी डोक्यावर धरावी, गाडी चाळीस पावलांवर येताच ती झटक्यात खाली पाडावी, आणि गाडी थांबेपर्यंत जागा सोडू नये. लिहिणारा साहेब जन्मात मोटारीखेरीज कशात बसला नसावा.

कारण आमच्याकडे झंडी पडते ती शंकरपटात. बैलजोड्यांची शर्यत असते ती. झंडी खाली आली की जोडी सुटते, आणि पल्ल्याच्या टोकाला उभा असलेला ओळखीचा माणूस नावं घेऊन बोलावील तेव्हाच थांबते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हुकुमाला ठाऊक नव्हतं.

अंमलबजावणी बघायला अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे मुख्य, स्वतः आले. लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. पाशाचं कायम होणं त्यांच्याच सहीवर होतं. आणि नशीब असं की पहिला छकडा आला तो कुरुंद्याच्या दगडोबाचा. त्याच्या सर्जा आणि मोत्याने दोन वर्षं पट मारला होता, आणि दोन्ही वर्षं टोकाला उभं राहून त्यांना झेललं होतं ते चाँद पाशानेच.

झंडी बघून दगडोबा लांबूनच ओरडला, "पाशाभाई, झंडी पाडू नगा! पटाची जोडी हाय, पळंल!"

पाशाने अमीनसाहेबांकडे वळून हात जोडले. बैल शर्यतीचे आहेत, झंडीशिवाय नुसत्या हाकेने थांबवतो, असं विनवलं. साहेबांनी विचारलं, हुकूम शहाणा की तू?

पाशाने झंडी पाडली.

बैल उधळले. दगडोबा कासरा ओढून आडवा झाला तरी उपयोग नव्हता. जागा सोडावी तर नोकरी जाते, न सोडावी तर जीव. पाशाने डोळे मिटले आणि कळवळून हाक घातली, "ये सर्जा, ये रं मोत्या, ये!"

त्याच्या छातीपासून वीतभर अंतरावर जू थांबलं. मोत्या त्याचा हात चाटायला लागला. पाशाने बैलाच्याच मानेला धरलं.

अमीनसाहेब मात्र खूश होते. त्यांनी जागच्या जागी अहवाल लिहिला: झंडी पाडताच भरधाव गाडी थांबली. हाकेबद्दल त्यात अक्षर नव्हतं. साक्षीदार म्हणून पाशाला अंगठा मागितला. त्याच कागदाच्या खालच्या अंगाला त्याला कायम केल्याचं लिहिलं होतं. त्याने अंगठा दिला. तुम्ही आम्ही काय केलं असतं, हे आपलं आपण ठरवावं.

यशस्वी हुकूम पसरायला वेळ लागत नाही. पाशाला नाक्यानाक्यांवर झंडी शिकवायला पाठवलं. डोंगरकड्याच्या नाक्यावर त्याचा पुतण्या नासेर होता, तोही हंगामीच. पाशाने त्याला हात किती वर, झटका किती, सगळं दाखवलं. अमीनसाहेब शेजारीच उभे होते, म्हणून हाकेचं तेवढं राहिलं. नंतर सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं होतं.

आठ दिवसांनी डोंगरकड्याला परक्या गावची पटाची एक जोडी आली. नासेरने झंडी पाडली आणि हुकुमाप्रमाणे जागा सोडली नाही. चाक मांडीवरून गेलं. चौकशीत ठरलं की झटका कमी पडला. पाय कामातून गेला, म्हणून नोकरीही गेली.

पाशा बघायला गेला तेव्हा नासेर खाटेवर होता. चुलत्याला कायम झाल्यावर मिळालेल्या नव्या बिल्ल्याकडे बघत तो म्हणाला, "चाचा, झंडी तो बराबर गिराया था मैं. तुम्हारे बैल कैसे रुके?"

पाशाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने बिल्ला काढून मुठीत धरला.

"मैं नाम लेके बुलाया था, बेटा," तो म्हणाला.

नासेरने भिंतीकडे तोंड केलं.