नवारीवर शिवलेली झोळी

पूजाची निळी बॅग पंधरा दिवस आमच्या दाराशी भरून उभी होती. तिच्या शकुंतलामावशींनी ग्वाल्हेरहून फोनवर तसं बजावलंच होतं. "अक्षय तृतीयेला मी भोपाळला येते. तुमची तयारी बघते. मनाला पटली तर पोरगी तिथं राहील. नाही तर संध्याकाळच्या गाडीनं माझ्याबरोबर चालली."

पूजा माझी सून. ती आठवीत असताना तिची आई गेली आणि मावशींनीच तिला वाढवलं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि मावशींचं घर हेच तिचं माहेर. यात कुणी काही बोलायला जागा नव्हती. मी तर दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर कमी दे एवढं सांगायचं तरी दोनदा घसा खाकरतो.

पण पूजाला जायचं नव्हतं. सुयश, माझा मुलगा, महाराणा प्रताप नगरात एका कोचिंगमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो. हिवाळ्यापासून त्याचा पगार निम्म्यावर आला होता, आणि रजा घेणाऱ्याची बॅच दुसऱ्याला देतात हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. बाळ ग्वाल्हेरला झालं असतं तर बापाला ते दीड-दोन महिन्यांनी दिसलं असतं.

"बाबा, त्यांना पहिल्या दिवशीच बघायला मिळू दे ना बाळ," पूजा एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. जणू ते माझ्या हातात होतं.

सुयश झाला तेव्हा सिंधू, माझी बायको, नागपूरला माहेरी होती आणि मी इथं कारखान्याच्या ग्रंथालयात पुस्तकांची वार्षिक मोजणी करत होतो. मुलगा मला पहिल्यांदा दिसला तो त्रेपन्नाव्या दिवशी. माझ्या हातात येताच तो रडायला लागला आणि मी चुकून उचललेली दुसऱ्याची छत्री परत करावी तसा तो लगेच परत केला. आमच्यात काहीतरी अवघडलेपण राहिलं ते तेव्हापासूनच, असं मला वाटतं. सिंधू हसायची या बोलण्याला. ती जाऊन आता सहा वर्षं झाली.

म्हणजे घरात वडीलधारं बाईमाणूस नाही, जागा करोंद वस्तीतल्या दोन भाड्याच्या खोल्या, आणि खर्चायला माझी तुटपुंजी पेन्शन नि सुयशचा अर्धा पगार. मावशींना काय पटणार होतं?

एका सकाळी सुयशनं मोबाइल पुढे केला. "हे बघा, पूर्ण बेबी किट. पाळणा, गादी, कपडे, सगळं एकत्र. सहा हप्ते."

"बंद कर ते," पूजा म्हणाली. "मावशी नवीन वस्तू घराबाहेर काढेल. बाळ येण्याआधी नवीन काही आणायचं नाही, जुन्या कपड्यांतलंच शिवायचं असतं."

"मग शिवणार कोण? तुला वाकता येत नाही, शिलाई मशीन आपल्याकडे नाही."

मी वर्तमानपत्रामागून म्हणालो, "मला टाके घालता येतात."

सुयशनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, ते पुस्तकांचे."

ते खरंच होतं. आमच्या ग्रंथालयाला बांधणीसाठी कधी पैसे मंजूर झाले नाहीत, म्हणून मीच एका म्हाताऱ्या कारागिराकडून बांधणी शिकलो आणि एकोणतीस वर्षं फाटलेली पुस्तकं शिवत राहिलो. पाठीला लावायला कापड नसायचं तेव्हा सिंधूच्या जुन्या साड्या न्यायचो. "माझी हिरवी नारायणपेठ आता कुठल्या बॉयलरच्या पुस्तकावर चढली?" असं ती विचारायची. तिला न सांगता नेलेल्याही बऱ्याच होत्या.

राहिलेल्या चार साड्या मी ट्रंकेतून काढल्या. धुऊन धुऊन पार मऊ झालेलं सुती कापड, बाळाला हवं तसंच. पण कात्री लावली की ते सरकायचं, रेघ वाकडी जायची. दोन लंगोट असे बिघडले की ते कुठल्या प्राण्यासाठी आहेत हे सांगता आलं नसतं. मग मला माझी जुनी युक्ती आठवली. बांधणीचं कापड आधी खळ लावून ताठ करतात, म्हणजे ते कागदासारखं कापता येतं. खळीच्या पिठाचा डबा ट्रंकेतच होता. खळ शिजवली, चारही साड्यांना लावली, गच्चीवर वाळवली आणि पुढचे आठ दिवस रोज दुपारी शिवत बसलो. बारा लंगोट, सहा झबली, चार दुपटी, तीन टोपडी. टाके इतके सारखे आले की मला स्वतःचाच थोडा संशय आला.

सगळं धुऊन खळ काढायची तेवढी राहिली होती. अक्षय तृतीयेला तीन दिवस उरले होते. पूजा दुपटं उन्हात धरून म्हणाली, "बाबा, नीळ जरा जास्त झाली का?"

"नीळ? मी नीळ घातलीच नाही."

पांढऱ्या काठावर फिकट हिरवट-निळी झाक होती. मी डबा उघडला तेव्हा लक्षात आलं. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. कारखान्यातून आणलेल्या त्या डब्यात पीठ आणि मोरचूद मीच पूर्वी मिसळून ठेवलं होतं. मोरचूद म्हणजे विष. ते मी माझ्या नातवंडाच्या लंगोटांना लावलं होतं.

मी बाथरूमच्या दाराशी बादलीत ते कपडे बुडवून उभा राहिलो. दहा पाण्यांतून काढले तर निघेल? निघेलही. पण नवजात बाळाच्या कातडीवर "निघेलही" कसं घालणार? पूजाला सांगायची हिंमत होत नव्हती. तीच मागे येऊन उभी राहिली होती.

"काय झालं?"

मी सांगितलं. सगळं, डब्यापासून. ती या घरात आल्यापासून एवढी वाक्यं मी तिच्याशी एकत्र कधी बोललो नव्हतो. शेवटी म्हणालो, "तू ग्वाल्हेरला जा, पोरी. माझ्यावर विसंबू नकोस."

तिनं बादलीत डोकावून बघितलं. मग भिंतीला टेकून हसायला लागली, पोट धरून.

"म्हणजे माझ्या बाळाला वाळवी लागणार नव्हती!"

"हसण्यासारखं नाही हे."

"अहो बाबा, घातले तर नाहीत ना अजून? मग टेन्शन कसलं?" ती आत गेली आणि कपाटातून आपल्या तीन सुती ओढण्या, सुयशचे दोन मलमलचे झब्बे आणि एक विरलेली चादर घेऊन आली. "हे घ्या. आणि या वेळेला खळबिळ काही नाही. कापड मी ताणून धरते, तुम्ही कापा."

तीन दिवस आम्ही समोरासमोर बसलो. ती कापड धरायची, मी कापायचो, ती दोरा ओवायची, मी शिवायचो. कूलर घरघरत असायचा, बाहेरून मंडीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांचे हॉर्न. ती सिंधूबद्दल विचारायची आणि मी चक्क सांगायचो. सुयश रात्री यायचा, आमच्याकडे बघायचा आणि न बोलता बसून दोरे कापायचा.

झोळी मात्र मी आधीच शिवून ठेवली होती, हातमागाच्या जाड पलंगपोसाची. जाड कापडाला खळ लावावी लागली नव्हती, हे नशीब. ती मी मोठ्या रजिस्टरसारखी बांधली होती. जुन्या खाटेच्या नवारीच्या, म्हणजे विणलेल्या जाड सुती फितीच्या, चार पट्ट्या खालून आडव्या घेतल्या आणि मेण चोळलेला दोरा प्रत्येक पट्टीला वळसा घालून नेला. असं शिवलं की ओझं कापडावर येत नाही, पट्ट्यांवर येतं. जाडजूड नकाशांची पुस्तकं मी अशी बांधलेली आहेत. पण नकाशे झोके घेत नाहीत, हा विचार मनातून जात नव्हता.

अक्षय तृतीयेला सकाळी साडेनऊला मावशी आल्या. बुटक्या, जाड भिंगाच्या चष्म्याच्या, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. चप्पल काढायच्या आधी त्यांनी दाराशी बॅग आहे ना ते बघून घेतलं.

"हं यशवंतराव, दाखवा तुमचा संसार."

त्यांनी प्रत्येक लंगोट उलटा केला, शिवण ओढली, मग कापड स्वतःच्या गालावर फिरवलं. टोपडं मुठीवर घालून बघितलं. पाणी कुठं तापवणार, दवाखाना किती लांब, रिक्षावाल्याचा नंबर कुठं लिहिलाय, सगळं विचारलं. नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. पूजाची दवाखान्याची फाइल मी तारखेवार लावून, शिवून ठेवली होती. ती त्यांनी शेवटच्या पानापर्यंत चाळली.

मग त्यांचं लक्ष पुस्तकांच्या फळीकडे गेलं.

"हे काय हो? पुस्तकांना झबली?"

मी मोरचुदाचे ते कपडे फेकले नव्हते. पुस्तकांना गुंडाळले होते, कसर तरी लागणार नाही म्हणून. एका जाड शब्दकोशावर तर टोपडं बसलं होतं. मला खरं ते सांगावं लागलं. आता बॅग उचलली जाणार हे मला दिसत होतं.

"विष लावलेले कपडे," त्या सावकाश म्हणाल्या.

"मावशी, त्यांनी लगेच सांगितलं," पूजा म्हणाली. "बाळासाठी एकही ठेवला नाही. सगळं परत शिवलंय."

"तू गप. मी त्यांना विचारतेय. धुऊन वापरले असते तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुसला. मग वर बघितलं, तुळईच्या कडीला झोळी लटकत होती तिकडे.

"ही बाजारातली नाही ना?"

"नाही. मी शिवली."

"मग आधी यात बाळ नाही जायचं. ते पोतं घाला." कोपऱ्यात नव्या शरबती गव्हाचं तीस किलोचं पोतं होतं, आठवड्यापूर्वीच मंडीतून आणलेलं.

"मावशी, बाळ तीन किलोचं असतं," सुयश म्हणाला. त्याची बॅच दुपारची होती.

"भौतिकशास्त्र शिकवता ना जावईबापू? झोका घेतल्यावर वजन वाढतं का नाही?"

सुयशला ते कबूल करावं लागलं. आम्ही दोघांनी पोतं उचलून झोळीत ठेवलं. कडी कुरकुरली.

"हलवा. माझा चहा होईपर्यंत. आणि नुसतं हलवू नका, बाळाशी बोलतात तसं बोला, सवय पाहिजे."

झोळीला बांधलेली दोरी धरून मी गव्हाच्या पोत्याला झोके देऊ लागलो. बोलायला काही सुचेना. "झोप," मी त्याला म्हणालो. पूजा तोंडावर पदर घेऊन आत पळाली. सुयशनं दोरीचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही बापलेक आळीपाळीनं तीस किलोंना झोपवत राहिलो. मावशी बशीत ओतून, फुंकून, अगदी सावकाश चहा पीत होत्या. दुसरा कपही त्यांनी मागितला.

तेवढ्यात टर्रकन आवाज झाला.

मी डोळे मिटले. तो आवाज मला ओळखीचा होता, शिवण उसवल्याचा. हातातली दोरी सैल पडली. मग धो धो धान्य सांडल्याचा आवाज, आणि लगेच शांतता.

"बाबा," सुयश म्हणाला. "डोळे उघडा."

फरशीवर एकही दाणा नव्हता. पोतं फाटलं होतं, मशीनची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली होती. सगळा गहू झोळीत मोकळा झाला होता आणि झोळी त्याला पोटाशी धरून तशीच झुलत होती. चारही पट्ट्या ताणलेल्या, दोरा जागच्या जागी.

मावशी उठल्या. झोळीखाली वाकून त्यांनी टाक्यांवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग वाकलेल्या असतानाच म्हणाल्या, "पूजे, ती बॅग आत ने."

पूजा जागची हलली नाही. "म्हणजे?"

"म्हणजे तू इथं. आणि मी पण इथंच, दोन महिने. कपडे बिपडे ठीक आहेत, पण बाळंतिणीला शेक आणि अळीव काय यांना पुस्तकात बघून जमणार आहे?" माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गहू आता तुम्हीच भरा, यशवंतराव. आणि दुसरं पोतं शिवा. अशाच टाक्यांनी."

सुयशनं बॅग उचलली. आत नेताना त्यानं मोकळा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मुलगी झाली मे महिन्याच्या अखेरीस, सकाळी अकराच्या सुमाराला. सुयशची पुढची बॅच दोनला होती, आणि त्याआधी दोन तास तो तिला हातात घेऊन दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होता. मग त्यानं ती माझ्याकडे दिली. ती रडायला लागली. मी परत केली नाही. थोड्या वेळानं ती आपणच थांबली.

बाराव्या दिवशी बारसं झालं. शमिका नाव ठेवलं. खोली बायकांनी भरली होती, म्हणून मी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराआड उभा होतो. घरमालकीणबाई झोळीखाली हात घालून बघत होत्या. "फारच मजबूत आहे हो. कुठल्या दुकानातली?"

मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "ते दाराआड उभे आहेत ना, त्यांनाच विचारा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी घसा खाकरला नाही.

"मी शिवलीय," म्हणालो, आणि बाहेर आलो.