तिसरी पायरी

निवृत्त केमिस्टनी खिशातलं पाकीट एकदा चाचपलं आणि सांडपाणी केंद्राचं फाटक ढकललं. पाकिटावर तिकीट होतं, पत्ताही होता. पुलाखालच्या वस्तीतल्या नर्सबाईंनी वर्षापूर्वी पत्रासोबत ते जोडून पाठवलं होतं, उत्तरासाठी. मुलांच्या अंगावर पुरळ येतं, नदीचा वास जात नाही, असं लिहून शेवटी त्यांनी विचारलं होतं, ‘केंद्राच्या फळ्यावरचे पाणी-तपासणीचे तुमचे आकडे मात्र कायम चांगले. बाटली नेमकी कुठून भरतात?’

पत्र वाचलं तेव्हाच केमिस्टना जावयाचा संशय आला होता. त्यांच्या जागी तोच लागला होता, आणि इतके सारखे आकडे खऱ्या पाण्याचे नसतात. पण उत्तर लिहावं तर लेकीच्या संसारावर निखारा. त्यांनी त्या पाकिटाची वाचनखूण केली. काल नर्सबाई बाजारात भेटल्या, तब्येत विचारली, पत्राबद्दल चकार शब्द काढला नाही. तेच त्यांना लागलं.

जावई नदीच्या पायऱ्या उतरत होता.

“या बाबा. सासरे आणि तपासणी, दोघं न कळवताच येतात.”

“फिरायला निघालो होतो.”

“बाग तर तिकडच्या टोकाला आहे!”

 चष्मा पुसून केमिस्ट त्याच्या हातांकडे पाहत राहिले. त्याने बाटली तीनदा विसळली, पाण्याखालीच बूच लावलं, चिठ्ठीवर वेळ लिहिली. एकही चूक नाही. मग आकडे खोटे वहीत होत असणार. त्यांनी वही मागितली. खाडाखोड कुठेच नव्हती. हिशेब त्यांनी मनात दोनदा करून पाहिला, बरोबर होता. संशयाला बसायला जागा उरेना, तेव्हा त्यांनी नदीकडे पाहिलं. पंधरा-वीस पावलं खाली, पुलाच्या बाजूला, केंद्राचा पाइप पाणी ओतत होता. तिथला फेस पुलाकडे वाहत चालला होता.

“रोज इथूनच भरता?”

“तिसऱ्या पायरीवरून. तुम्हीच पिवळा पट्टा मारलात. एकदा दुसरीवरून भरली तर अख्खी सकाळ बोलणी खाल्ली होती मी.”

“पण आपलं पाणी तर तिकडे खाली पडतंय. इथली नदी आपलं पाणी मिसळायच्या आधीची आहे.”

“पाइप आधी पायऱ्यांच्या वर होता, नवी टाकी बांधली तेव्हा तिकडे खाली नेला. तुम्हीच उभे राहून बसवून घेतलात.”

“मग तुम्ही मला विचारलं का नाही?”

जावयाने बाटलीचं बूच उगाच घट्ट केलं.

“मला वाटलं, तुमचं काहीतरी शास्त्र असेल.”

पाइप हलवल्यानंतर केमिस्टनी स्वतः चार वर्षं याच पायरीवरून बाटली भरली होती. त्यांनी दुसरी बाटली उचलली, कठड्याला धरून पाइपापर्यंत गेले आणि ती भरून आणली. दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी ठेवल्यावर तपासणीची गरज उरली नाही.

“हे बाहेर गेलं तर नोकरी जाईल माझी,” जावई हळूच म्हणाला. “कोणाचं नाव लिहिणार?”

“कागद द्या.”

प्रयोगशाळेतल्या टेबलावर त्यांनी तीन कागद लिहून फाडले. चौथ्यावर लिहिलं, ‘बाटली पाइपाच्या वरच्या अंगाला भरली जाते. ती जागा मी ठरवली. पाइप हलल्यावर ती बदलायची राहिली, हेही माझंच. आजची बाटली पाइपाखालून भरली आहे. आकडे उद्या फळ्यावर लागतील. मुलांना तोवर पाण्यात जाऊ देऊ नका.’

जावयाने ते वाचलं. मग पिवळ्या रंगाचा डबा शोधायला तो आतल्या खोलीत गेला.

टपालाचे दर वर्षभरात वाढले होते. केमिस्टनी पोस्टाच्या खिडकीवर आणखी एक तिकीट मागितलं, जुन्या तिकिटाशेजारी नीट चिकटवलं आणि पाकीट पेटीत सोडलं.