बिनआवाजाची गाडी

निकेशने चंद्रपूरच्या शोरूममध्ये एकवीस हजार भरले, ते अजून जन्मालाच न आलेल्या गाडीसाठी. विजेवर चालणारी गाडी, कंपनीने नुसती जाहीर केलेली. शोरूममध्ये तिचा साधा टायरसुद्धा नव्हता. होता तो भिंतीवरचा पडदा आणि त्यावर पळणारी पांढरी गाडी. काउंटरवरच्या खुशबूने संक्रांतीपर्यंत ताबा मिळेल असं गोड आवाजात सांगितलं आणि आमचा गडी विरघळला. सिंदेवाहीत मोबाईलचं दुकान चालवणारा हा माणूस, गिऱ्हाइकाला असाच गोड बोलून खिशात घालणारा. पण स्वतःवर वेळ आली की हुशारी कुठे जाते कोण जाणे.

इथवर ठीक होतं. गाडी नाही आली तर पैसे परत मिळणार होते. खरी चूक त्याने त्या दिवशी घरी परतताना केली.

फाट्यापासून त्याचं गाव दोन किलोमीटर आत, आणि मधे जंगल. वळणावर शेंदूर लावलेला एक दगड आहे, तो निकेशच्या वडिलांचा, दादाजींचा. आठ वर्षांपूर्वी दादाजी संध्याकाळच्या बसने फाट्यावर उतरले. बस तेव्हा गावात येत नव्हती. मोटरसायकल घेऊन न्यायला जायचं होतं निकेशने, आणि तो कॅरम खेळत बसला. दादाजींनी वाट पाहिली, मग पायीच निघाले. वळणावर वाघाने त्यांना नेलं. अशा माणसाचा दगड आमच्याकडे त्याच जागी मांडतात, आणि येणारी-जाणारी गाडी तिथे एकदा हॉर्न देते. नव्या गाडीचा नारळही तिथेच फुटतो.

पण गाडी आल्यावर. निकेशने नुसती पावती खिशात असताना फोडला. वर मोबाईल काढून दगडासमोर धरला आणि त्या गाडीचा व्हिडिओ दाखवला. बाबा, हिला बिलकुल आवाज नाही, पहिली सवारी तुमचीच, संक्रांतीला येतो, घरापर्यंत नेतो, असं तो बोलून गेला. बोलताना रडला, आणि ते रडणं खरं होतं. आठ वर्षं त्याला त्या कॅरमचा आवाज ऐकू येत होता.

घरी त्याने आईला, मनकर्णाबाईंना, हे सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं सूप थांबलं. हातात नसलेल्या वस्तूचा शब्द गेलेल्या माणसाला देत नसतात, एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ पाखडू लागल्या.

संक्रांत आली, गाडी आली नाही. चार दिवसांनी देवराव कंडक्टर दुकानात रिचार्जला आला. चामोर्शीकडून नुकताच बदलून आलेला माणूस, त्याला इथलं काहीच ठाऊक नव्हतं. तो वैतागून सांगत होता.

“तुमच्या गावच्या वळणावर एक म्हातारा उभा राह्यते रोज संध्याकाळी. बस थांबवली तं चढत नाई. म्हणते, तुम्ही जा, माह्या पोराची गाडी येऊन राह्यली.”

निकेशने हसण्याचा प्रयत्न केला. म्हातारा दिसायला कसा आहे, असं त्याने विचारलं. देवराव म्हणाला, खांद्यावर पिशवी असते आणि पायात एकच चप्पल. दुसरी चप्पल निकेशच्या घरी पेटीत होती. वनखात्याच्या माणसांनी तेवढीच आणून दिली होती.

त्याने शोरूमला फोन लावला. खुशबूने सांगितलं की गाडी लांबणीवर पडली, तारीख कंपनीलाच माहीत नाही, पैसे हवे तर परत घ्या. पैसे नको, गाडी दे, म्हणून तो इतका गयावया करू लागला की तिने घाबरून फोन ठेवला.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर त्याने निभावून नेली असती. पण देवरावाचं बोलणं गावभर झालं आणि मनकर्णाबाईंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवसापासून दुपार कलली की त्या डबा घेऊन वळणावर जाऊन बसू लागल्या. त्या रस्त्यावर पिल्लांची वाघीण फिरत असल्याचा बोर्ड लागलेला. निकेशने दोनदा हाताला धरून परत आणलं. तिसऱ्यांदा कडी लावली, तर त्या मागच्या दाराने गेल्या. ते एकटे उभे असतात, आईचं एवढंच म्हणणं. बाप तर गेलाच होता, आता त्याच वळणावर आईही जाणार, या भीतीने निकेशची झोप उडाली.

शेवटी त्याने प्रफुल नावाच्या मित्राची पेट्रोलची गाडी मागून आणली. आईला मागे बसवलं आणि दिवस मावळायला वळणावर येऊन तिच्या शेजारचं दार उघडलं. दगड तेवढा दिसत होता. म्हातारा त्याला कुठेच दिसला नाही.

“या बाबा, चला घरी.”

मग आई हळूच म्हणाली, “ते नाई बसत. ही गाडी तुही नोहे म्हणतात. तुहीले आवाज नाई.”

निकेशने इंजिन बंद केलं. जंगल एकदम जवळ आल्यासारखं वाटलं. गाडी मागच्या बाजूने किंचित खाली दबली, आणि आईने हात लांबवून दार लावून घेतलं.

आता इंजिन सुरू करायची त्याची छाती होईना. तो उतरला, उघड्या दारातून एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि खांदा लावून गाडी ढकलू लागला. किलोमीटरभर वाट. उतार होता म्हणून निभलं. आई आत बोलत होती, आठ वर्षांचं साठलेलं सगळं, आणि मधेमधे उत्तर ऐकल्यासारखी थांबत होती. निकेशने एकदाही मागे पाहिलं नाही. दारात पोचल्यावर आईने आधी पाय धुवायला पाणी आणलं, मग ती घरात गेली. गाडी हलकी झाली. सुटलो, असं त्याला वाटलं, आणि तो तिथेच पुढच्या सीटवर झोपला.

सकाळी उतरला तेव्हा गल्लीतल्या धुळीत टायरांचे पट्टे होते. त्यांच्या बाजूने त्याची स्वतःची पावलं. आणि त्या पावलांवरच, एकेक पाऊल पुसत, ताटलीएवढे पंजे उमटलेले. त्याच्या पाठोपाठ कोणीतरी सगळी वाट निवांत चालत आलं होतं. पंजे गाडीच्या मागच्या दाराशी आले होते, तिथून सारवलेल्या ओसरीवर, तिथून उंबऱ्यात. परत जाणारा एकही नव्हता.

त्याने आईला हाक मारली. मनकर्णाबाई आतल्या खोलीतून आल्या. चेहरा इतका समाधानी त्याने आठ वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी आपल्यामागे त्या खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं.

“हळू बोल,” त्या म्हणाल्या. “दोघंबी आत्ताच झोपले.”